मन्मथप्पांचं अर्थिंग

आमच्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा मन्मथप्पांनी मला नमस्कार केला नाही, की माझ्या बायकोने, सुनंदाने, पुढे केलेला पाण्याचा तांब्या घेतला नाही. चपला काढून ते तडक खिडकीशी ठेवलेल्या कूलरपाशी गेले. उजवा पंजा उलटा केला, बोटांच्या पाठीने कूलरच्या पत्र्याला हळूच टिचकी मारल्यासारखं केलं, आणि मग कुठे आमच्याकडे वळून त्यांच्यातला नमस्कार घालत म्हणाले,

"शरणार्थ. ह्याची तिसरी तार कुटं हाय?"

"अप्पा, तुम्हाला मागच्या खोलीसाठी बोलावलंय," मी म्हणालो.

"ती बगतोच की. आधी हे जितराब बांधलेलं हाय का मोकळं, ते बगू द्या."

जितराब मोकळंच होतं. कूलरच्या वायरीला दोनच पिना होत्या, आणि मी, उदगीरच्या एका हायस्कुलात वीसेक वर्षं पोरांना विद्युतधारेचा धडा शिकवणारा माणूस, तीन उन्हाळे त्याच्यासमोर उघड्या अंगाने बसून कलिंगड खाल्लं होतं. अप्पांनी पिशवीतून वायर काढली, न विचारता कूलर बांधून टाकला आणि मगच पाणी प्याले. उलट्या पंजाचं कारण त्यांनी नंतर सांगितलं. तळहाताने हात लावला आणि करंट असला तर मूठ मिटते आणि माणूस चिकटतो. पाठीमागून लावला तर हात झटकून बाजूला पडतो. हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ते वर्गात अशा थाटात सांगितलं, जणू काही माझाच शोध.

अप्पा साठीच्या पुढचे होते. ठेंगणे, पायात किंचित बाक, पांढरा पायजमा, कपाळावर विभूतीची तीन बोटं. गळ्यातलं इष्टलिंग चांदीच्या डबीत असायचं, आणि कामाला हात घालण्याआधी ते डबी उचलून बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचे. "चांदीतून करंट लई पळतो. देवाला कामून तरास?" लुनाच्या हँडलला खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी, आणि त्या पिशवीत जुन्या मफलरीत बाळासारखा गुंडाळलेला शंभराचा बल्ब. होल्डरला दोन लांब तारा सोडलेल्या. या बल्बाला ते 'साक्षीदार' म्हणायचे. टेस्टरवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "टेस्टर म्हंजे गल्लीतली खबर हो सर. जरा काय झालं की चमकतंय. कोरटात साक्षीदारच चालतो."

गावात त्यांच्यापेक्षा चटपटीत वायरमन पुष्कळ होते. अप्पांना लोक 'अर्थिंगवाले अप्पा' म्हणायचे, आणि ते म्हणताना थोडं हसायचे. कारण पंखा लावायला बोलवा, बेल लावायला बोलवा, माणूस आधी घराभोवती फिरून जमिनीतली तार शोधणार. ती नसली तर पंखा राहिला बाजूला आणि पहार आली हातात. आमच्या औषधाच्या दुकानदाराने एका लग्नाची हकिकत सांगितली होती. नवरदेव घोड्यावर, बँडवाले जोरात, आणि आहेर घेऊन आलेल्या अप्पांचं लक्ष गेलं मांडवाच्या लोखंडी खांबाला घासणाऱ्या वायरीकडे. आहेर खाली ठेवून त्यांनी सरळ फ्यूज काढला आणि खिशात घातला. बँडच्या दिव्यांसकट सगळा मांडव अंधारात. मुलीचा बाप दातओठ खात धावून आला, "अप्पा, मुहूर्त टळून राहिला!" अप्पांनी शांतपणे वायरीला चिकटपट्टी गुंडाळत उत्तर दिलं, "मुहूर्त दुसरा घावतो. नवरदेव दुसरा घावायचा का?" लग्न अर्ध्या तासाने लागलं. अप्पांना जेवायचा आग्रह कोणीच केला नाही, तरी ते पोटभर जेवले.

आता मागच्या खोलीचं सांगतो, कारण खरी गोष्ट तीच. आमच्या परसात लिंबू, पेरू, कढीपत्ता, दोन पपया आणि त्यांच्यापलीकडे पत्र्याची एक खोली. आधीच्या मालकाचा कडबा तिथे असायचा, आमच्या काळात मोडक्या सायकली. सुनंदाला ती खोली हवी होती. तिच्या हातचं इडली-डोशाचं पीठ गल्लीत इतकं नावाजलेलं, की स्वयंपाकघरातला छोटा ग्राइंडर दमून जायचा. अखेर मुलींच्या एका वसतिगृहाच्या मेसने तिला रोजच्या पिठाचं विचारलं. अट एकच: येळवशीच्या, म्हणजे शेतात पांडव पुजायच्या अमावस्येच्या, तिसऱ्या दिवशी सकाळी पहिला डबा पोचला पाहिजे, नाही पोचला तर बीदरहून येणारा माणूस तयार आहेच. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत सुनंदाने 'हे माझं' म्हणून पहिल्यांदा काही मागितलं होतं. तीन मोठे दगडी ग्राइंडर आले, फरशी झाली, नळ आला. आता फक्त लाईट यायची होती. ती दिवसातून दहादा जाऊन त्या बंद यंत्रांवरून फडकं फिरवून यायची. मलाही राहवायचं नाही, मीही मागोमाग जायचो. आम्ही दोघं लहान पोरांसारखे झालो होतो.

माझा बेत सोपा होता. घरातून एक वायर काढायची, पेरूच्या फांदीवरून न्यायची, खोलीत सोडायची. अप्पांनी पेरूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"सर, झाडाला वारं लागतंय. तुमच्या वायरीला सांगितलंय का, हलू नको म्हणून?"

मग परसातून दोन फूट खोल चर खणला गेला. पाइपात केबल, वर वाळू, वाळूवर विटा आडव्या, म्हणजे पुढे कोणी कुदळ मारली तर आधी वीट लागेल. खोलीत भिंतीवर उंचावर बोर्ड, आणि त्यात करंट कुठे गळाला की आपसूक खाली पडणारा खटका. हे सगळं होत असताना अप्पा सुनंदाला समजावत होते. तिला 'अक्का' म्हणायचे, आणि मला न सांगता तिलाच सांगायचे, कारण तिथे उभी राहणार होती ती.

"बगा अक्का, फेज म्हंजे पाव्हणा. तुरतुर येतंय, काम करतंय. न्यूट्रल म्हंजे त्याची परतीची वाट. आन् अर्थिंग म्हंजे आई. ती कामात कुटं दिसत न्हाई. पर कुनी पडाया लागलं की धरती ती."

इथवर सगळं झोकात चाललं. घोडं अडलं ते आईपाशीच.

खोलीमागे खड्डा घेतला. वरची दोन हात माती, खाली नुसता मुरूम, आणि पाच फुटांवर काळा पत्थर, पहार मारली की ठिणगी. अप्पांनी तांब्याचा पत्रा उभा ठेवला, कोळसा आणि खडं मीठ थरावर थर टाकलं, मधोमध पाणी घालायला पाइप उभा केला, खड्डा बुजवला. कोणाचा पाय लागू नये म्हणून भोवती पाच दगड मांडले आणि ते दिसावेत म्हणून त्यांना चुना फासला. दोन बादल्या पाणी ओतलं. मग साक्षीदार बाहेर आला. एक तार फेजला, दुसरी जमिनीतून आलेल्या तारेला. जमीन चांगली असेल तर बल्ब घरातल्यासारखा लख्ख पेटायला हवा.

बल्ब पेटला तो विझत आलेल्या निखाऱ्याइतका. नुसती आतली तार लाल.

"मुरुमात पाणी थांबून न्हाई राहिलं," अप्पा म्हणाले. "मुरू द्या." सुनंदाने चहा आणला तर हात जोडले. करंट दिल्याशिवाय त्या घरचा चहा घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. सुनंदा हिरमुसली आणि तो चहा मी प्यालो.

दुसऱ्या दिवशी दोन बादल्या, निखाराच. तिसऱ्या दिवशी चार बादल्या, तरी निखाराच. येळवस परवावर आली. पत्थर फोडायला मशीन मागवावं तर तेही येळवशीनंतरच मिळणार, कारण त्या दिवशी लातूर जिल्ह्यात माणूस गावात सापडत नाही, सगळे शेतात. सुनंदाने तांदूळ निवडून ठेवले होते, डबे घासून उन्हात मांडले होते, आणि ती आता माझ्याशीही बोलेनाशी झाली होती. माझ्यातला विज्ञान-शिक्षक मग उंटावरून शेळ्या हाकायला पुढे सरसावला.

"अप्पा, अर्थिंगची तार सध्या न्यूट्रललाच जोडून टाका ना. शेवटी दोन्ही जमिनीतच जातात. पुस्तकात तसंच आहे."

अप्पा खड्ड्याच्या काठावर बसले होते. ते उठले. त्यांना रागावलेलं मी तेवढ्या एकदाच बघितलं.

"आन् कुटं न्यूट्रल तुटली तर? समदी मशिनं जित्ती व्हतील. पोरांला हेच शिकिवता का सर?"

मग ते पुन्हा खाली बसले आणि जमिनीकडे बघत बोलू लागले. आवाज अगदी साधा.

"माजी थोरली भैन देवणीला दिली व्हती. माजी पहिली कमाई आली तवा मी तिला कूलर नेला. लई हारखली. गल्लीतल्या बाया बगाया आल्या. दोन तारा जोडल्या, चालू करून दिला. तिसऱ्या तारेला खड्डा पायजे व्हता. म्हनलो, सांजच्याला येऊन करतो. दुपारी तिनं पानी भरलं."

सुनंदाने आत जाऊन मेसला फोन लावला. मला वाटलं, ती आता रडेल. ती म्हणाली, "कदाचित एक दिवस उशीर होईल. थांबायचं तर थांबा." पलीकडचं उत्तर तिने आम्हाला सांगितलं नाही, पण ते चेहऱ्यावर दिसत होतं. मला त्या क्षणी तिचा फार अभिमान वाटला.

येळवशीला अप्पा त्यांच्या शेतात गेले. आमची शेती कंधारकडे, भावाच्या हाती. या धांदलीत तिकडे जाणं शक्यच नव्हतं. माझी आत्या आदल्या दिवशी आलेली. तिला मी सांगितलं, यंदा येळवस परसातच करू. ती नाक मुरडून झोपायला गेली. सकाळी सुनंदा आणि मी बाजारात लाकडी कोळसा शोधत फिरत होतो, कारण आणखी कोळसा टाकून बघू असं अप्पा म्हणाले होते. बाजार अर्थात कडकडीत बंद. हात हलवत परत आलो, तर आत्या परसात, डोक्यावर पदर, आणि येळवशीचं "ओलगे, ओलगे" म्हणत गोल फिरून आंबील शिंपडतेय.

कशाभोवती? अर्थिंगच्या खड्ड्याभोवती!

पाच दगड, चुना फासलेले, नीट मांडलेले. आमच्याकडच्या कुठल्याही म्हातारीला येळवशीच्या सकाळी असे दगड दिसले, तर ते पांडवच. त्यांच्यावर हळद-कुंकू, पुढे भज्जी, उंडे, खीर. आणि मधल्या पाइपात, 'नैवेद्याची वाट केलीय वाटतं पोरांनी' असं समजून, तिने मडकंभर आंबील ओतली होती. ज्वारीच्या पिठाची, ताकातली, मूठभर मीठ घातलेली, घट्ट. वरून तीन घागरी पाणी.

"आत्या!" मी ओरडलो.

"कामून वरडून राहिलास? एक काम तरी धड केलास म्हनून पूजली मी. आता जेवा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी लुनाचा आवाज आला तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. अप्पांनी खड्डा बघितला. पाइपाच्या तोंडाशी वाळलेली आंबील, शेवंतीची फुलं, मुंग्यांची रांग. त्यांनी आत्याकडे बघितलं. आत्याने कमरेवर हात ठेवले. एवढ्या आणीबाणीतही मला हसू फुटायच्या बेतात होतं. अप्पांनी पिशवीतून साक्षीदार काढला. मफलर सोडली. एक तार फेजला, दुसरी जमिनीला.

बल्ब लख्ख पेटला! डोळे दिपले असा!

सुनंदा किंचाळलीच. मी टाळ्या वाजवल्या. आत्याला काही कळलं नव्हतं, तरी तिने बल्बाला हात जोडले. अप्पांनी मात्र बोट वर करून सगळ्यांना गप्प केलं, बल्बासमोर उकिडवे बसले आणि एक तास हलले नाहीत. बल्बही हलला नाही. तेव्हा कुठे त्यांच्या मिश्या हलायला लागल्या. "पानी निसटत व्हतं. ह्या पिठानं धरलं. आमी मीठ घातलं, कोळसा घातला, पर धरनारं कायच घातलं न्हाई. म्हातारीनं घातलं बगा!"

मग खोलीत गेले. तांब्याभर पाणी फरशीवर ओतलं, त्यात अनवाणी उभे राहिले आणि मला म्हणाले, "दाबा बटन." पहिला हात कुठल्याही घरी त्यांचाच असे, दुसऱ्या कोणाला ते लावू देत नसत. मी बटण दाबलं. ग्राइंडर घरघरला. अप्पांनी डोळे मिटून पंजा उलटा केला आणि यंत्राच्या अंगाला लावला. मग दुसऱ्याला. मग तिसऱ्याला. तिसऱ्यावरून हात काढून त्यांनी तळहाताने त्या यंत्राच्या पाठीवर थोपटलं.

"या अक्का. आता तुमचं राज्य."

सुनंदाने भिजवलेले तांदूळ टाकले, आणि दगडांतून पांढरं पीठ फिरायला लागलं तेव्हा ती हसत होती की रडत होती ते कळायला मार्ग नव्हता. अप्पा त्या दिवशी तीन कप चहा प्याले. पहिला डबा ठरल्या सकाळी मेसच्या दारात पोचला. बीदरचा माणूस बीदरलाच राहिला.

आंबिलीवर अप्पांनी भरवसा मात्र ठेवला नाही. "आज पेटला, उन्हाळ्यात काय?" चौथ्या दिवशी ते टेम्पोत बसून आले, मागे त्यांच्या शेतातल्या काळ्या मातीची आठ पोती. काळी माती पाणी सोडत नाही. खड्डा उकरून त्यांनी तो नव्याने भरला, आणि सुनंदाला दर अमावस्येला एक घागर पाणी घालायचं बजावलं. ते खरंच घातलं जातं का, हे बघायला पुढे दोन उन्हाळे ते मधूनच उगवायचे. बल्ब लावायचे, मान डोलवायचे, जायचे.

मग ते देगलूरला मुलाकडे राहायला गेले. डोळे अधू झाले होते, लुना सुटली होती.

मागच्या वैशाखातली गोष्ट. सुनंदाकडे आता दोन बाया कामाला असतात. एका दुपारी मागच्या खोलीतला खटका खाली पडला. तिने वर केला, पुन्हा पडला. तीनदा असं झाल्यावर ती वैतागून घरात आली, "मागची लाईट सारखी जाऊन राहिलीय, तुम्ही बघा जरा." दुरुस्तीवाल्याने मधला ग्राइंडर उघडला. मोटारीच्या आतली वायर जळून यंत्राच्या अंगाला टेकली होती. तो सुनंदाकडे बघून म्हणाला, "बाई, हात कुठं होता तुमचा?" हात यंत्रावरच होता. तिला मुंगीसुद्धा चावली नव्हती.

पुढच्या रविवारी आम्ही देगलूरची बस धरली. अप्पा ओट्यावर बाजेवर बसलेले, खूप वाळलेले. आवाजावरून त्यांनी सुनंदाला ओळखलं. तिने सगळं सांगितलं. ऐकताना ते बाजेचा कठडा धरून पुढे पुढे सरकत आले.

"पाय वले व्हते?"

"ओलेच होते अप्पा. अनवाणी."

"हात?"

"मशीनवर. पीठ काढत होते."

"परत सांगा."

तिने परत सांगितलं. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले, तळवे वर केले आणि नीट दिसत नव्हतं तरी डोळ्यांजवळ नेऊन बघितले. बराच वेळ सोडले नाहीत. मग सुनेला बाहेर बोलावून तिला सांगायला लावलं, शेजारणीला हाक मारून तिलाही. सुनंदा न कंटाळता सांगत होती.

निघताना उशीर झाला. गल्लीच्या तोंडाशी रिक्षात बसताना मी मागे वळून बघितलं. अप्पा ओट्यावरून उतरून रस्त्यावर आले होते. सायकलवरच्या एका दूधवाल्याचं हँडल त्यांनी घट्ट धरलं होतं, आणि आमच्या दिशेने बोट दाखवत, रडत, हसत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने त्याला सांगत होते,

"ती बग, ती चालली! काय बी झालं न्हाई तिला!"